इद्रिया पारा खाण

इद्रिया पारा खाण ही स्लोव्हेनिया देशाच्या पश्चिम भागातील इद्रिया या गावाखाली असलेली, आता बंद झालेली पाऱ्याची खाण आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १९९५ पर्यंत, म्हणजे सुमारे ५०० वर्षे, येथे पाऱ्याचे उत्पादन होत होते. स्पेनमधील अल्मादेन या खाणीनंतर ही जगातील दुसऱ्या क्रमांकाची पारा खाण मानली जाते. या काळात येथून १ कोटी २० लाख टनांहून अधिक धातुक (धातू मिळवण्याजोगे खनिजयुक्त खडक) काढण्यात आले आणि त्यापासून सुमारे १,०७,००० टन पारा मिळाला. मानवाने आजवर मिळवलेल्या एकूण पाऱ्यापैकी सुमारे १३ टक्के पारा या एका खाणीतला आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने अल्मादेन व इद्रिया या दोन्ही ठिकाणांचा ‘पाऱ्याचा वारसा’ या नावाने जागतिक वारसा यादीत समावेश केला.

भूविज्ञान, धातुविज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि व्यावसायिक आरोग्यशास्त्र या चारही विषयांच्या इतिहासात इद्रियाला स्थान आहे. खाणकामगारांना होणाऱ्या पाराविषबाधेची पद्धतशीर वैद्यकीय नोंद ज्या मोजक्या ठिकाणी प्रथम झाली, त्यांपैकी हे एक होय. खाण बंद झाली असली तरी तिने मागे ठेवलेला पारा गावाच्या मातीत, नद्यांच्या गाळात आणि समुद्राच्या तळाशी अजूनही आहे.

स्थान

इद्रिया हे गाव लुब्लियाना या राजधानीच्या पश्चिमेस, इद्रियत्सा व निकोव्हा या नद्यांच्या संगमावर एका अरुंद दरीत वसले आहे. सभोवती दाट जंगलांनी झाकलेले डोंगर आहेत. इद्रियत्सा पुढे सोचा नदीस मिळते आणि सोचा इटलीच्या हद्दीत शिरून ॲड्रिॲटिक समुद्राच्या त्रिएस्ते आखातास मिळते. खाणीच्या इतिहासात या जलमार्गाला दुहेरी महत्त्व आहे : जंगलातील लाकूड नदीच्या प्रवाहातून खाणीपर्यंत येत असे आणि खाणीतील पारायुक्त गाळ त्याच प्रवाहातून समुद्रापर्यंत जात असे.

पारा व हिंगूळ

पारा हा सामान्य तापमानास द्रवरूप असणारा एकमेव धातू आहे. तो उणे ३८.८ अंश सेल्सियसला गोठतो व सुमारे ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. त्याची घनता पाण्याच्या साडेतेरापट आहे. निसर्गात तो मुख्यतः सिनॅबार या लाल खनिजाच्या रूपात आढळतो. मराठीत या खनिजाला हिंगूळ म्हणतात. भारतीय रसशास्त्रात हिंगूळ व पारद ही दोन्ही नावे प्राचीन काळापासून परिचित आहेत. हिंगूळ हे पारा व गंधक यांचे संयुग असून त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के पारा असतो.

हिंगूळ हवेत तापवल्यास त्यातील गंधकाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन सल्फर डाय-ऑक्साइड वायू तयार होतो आणि पारा बाष्परूपाने मोकळा होतो. हे बाष्प थंड केले की द्रव पारा मिळतो. पारा मिळवण्याची मूळ प्रक्रिया इतकी सोपी आहे, आणि कामगारांच्या आरोग्याचा प्रश्नही तिच्यातूनच उद्भवतो. पाऱ्याचे बाष्प रंगहीन व गंधहीन असते. त्यामुळे ते श्वासावाटे शरीरात जात असल्याचे माणसाला कळत नाही.

भूविज्ञान

निर्मिती

इद्रियाच्या धातुकसाठ्याची निर्मिती सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडाच्या मध्यावर झाली. त्या वेळी आजच्या स्लोव्हेनियाचा हा भाग उथळ उष्ण समुद्राखाली होता. कवचास ताण पडून त्यात खोलवर जाणारे विभंग निर्माण झाले, काही पट्टे खचले आणि परिसरात ज्वालामुखी क्रिया सुरू झाली. या विभंगांमधून खोल भागातील पारायुक्त उष्ण द्राव वर चढले. अशा द्रावांना जलतापीय द्राव म्हणतात.

वर येताना द्राव थंड झाले व त्यांतील पारा दोन प्रकारे साठला. काही भाग आधीपासून असलेल्या खडकांच्या भेगांमध्ये, फटींमध्ये व छिद्रांमध्ये हिंगुळाच्या रूपाने बसला, तर काही ठिकाणी हिंगुळाने डोलोमाइट व चुनखडक या खडकांची जागाच घेतली. द्रावांचा उरलेला भाग थेट समुद्रतळावर बाहेर पडला आणि तेथे साचत असलेल्या काळ्या, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा चिखलात हिंगुळाचे थर तयार झाले. स्थानिक भूवैज्ञानिक या थरांना ‘स्कोंका थर’ म्हणतात. एकाच साठ्यात खडकानंतर तयार झालेले आणि खडकाबरोबरच तयार झालेले असे दोन्ही प्रकारचे धातुक सापडणे हे इद्रियाचे वैशिष्ट्य आहे.

संरचना

साठा तयार झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आल्प्स पर्वताच्या निर्मितीच्या काळात या प्रदेशावर प्रचंड दाब आला. त्यामुळे खडकांच्या वळ्या पडल्या आणि जुन्या खडकांचे मोठे पत्रे नव्या खडकांवर सरकले. परिणामी इद्रियात थरांचा नेहमीचा क्रम अनेक ठिकाणी उलटा झालेला दिसतो. साठ्याच्या वरच्या बाजूस कारबॉनिफेरस कालखंडातील काळे शेल खडक आहेत, तर त्यांच्याहून कोट्यवधी वर्षांनी तरुण असे खडक त्यांच्याखाली सापडतात. पाणी व बाष्प यांना सहज वाट न देणाऱ्या या शेल खडकांनी झाकणासारखे काम केले, असे मानले जाते.

पुढे इद्रिया विभंगाने हा साठा कापला गेला. हा विभंग पश्चिम स्लोव्हेनियातून वायव्येकडून आग्नेयेकडे जातो व त्याची लांबी १०० किमी.हून अधिक आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या शेजारून आडवे सरकल्यामुळे साठ्याचा एक तुकडा मूळ जागेपासून सुमारे अडीच किमी. दूर गेला. ल्युबेव्हच येथील लहान साठा हा तोच तुकडा होय. या विभंगाच्या टापूत भूकंप होत असतात. २६ मार्च १५११ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपाने या प्रदेशात फार हानी झाली होती.

इद्रियातील धातुकपिंड सलग नसून लहानमोठ्या अनेक पिंडांच्या रूपात विखुरलेले आहेत. त्यांचा आकार व दिशा सतत बदलत असल्यामुळे पुढे खणावे कोठे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे होता. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत तयार झालेले येथील भूवैज्ञानिक नकाशे व छेदचित्रे ही याच गरजेतून निर्माण झाली.

धातुकाचे प्रकार

इद्रियातील पाऱ्यापैकी सुमारे ७० टक्के हिंगुळाच्या रूपात, तर सुमारे ३० टक्के मूळ धातुरूपात होता. धातुरूप पारा विशेषतः काळ्या शेल खडकांत चमकदार थेंबांच्या रूपात आढळे. हातोडीने खडक फोडताच हे थेंब ओघळून खाली जमत.

खाणकामगारांनी हिंगूळयुक्त धातुकास रंग व पोत यांवरून नावे दिली होती :

पोलादी धातुक : अतिशय समृद्ध, गडद करडा व धातूसारखी चकाकी असलेला प्रकार. याच्या उत्तम नमुन्यांत पाऱ्याचे प्रमाण ७० टक्क्यांच्याही वर असे.

यकृत धातुक : काळपट तपकिरी, सेंद्रिय द्रव्यमिश्रित प्रकार. रंग काळजासारखा असल्याने हे नाव पडले.

विटकरी धातुक : विटेसारखा लाल, दाणेदार प्रकार.

प्रवाळ धातुक : गोलसर कवचांनी भरलेला प्रकार. ही कवचे पोवळ्यांची असावीत, अशा समजुतीने हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात ती ब्रॅकिओपॉड या सागरी प्राण्यांची फॉस्फेटयुक्त कवचे आहेत.

इद्रियालाइट हे हायड्रोकार्बन प्रकारचे दुर्मिळ खनिज प्रथम येथूनच वर्णिले गेले व त्याचे नाव या गावावरून पडले. ते ज्वलनशील आहे.

इतिहास

शोध व आरंभ

प्रचलित आख्यायिकेनुसार १४९० च्या सुमारास लाकडी घागरी व पिंपे बनवणारा एक कारागीर येथील झऱ्यात आपले नवे भांडे भिजत ठेवून गेला. परत येऊन पाहतो तो भांड्याच्या तळाशी चकाकणारा जड द्रव जमलेला होता. तो त्याने सोनाराला दाखवला व हा पारा असल्याचे उघड झाले. त्या कारागिराच्या भांड्याचे चित्र आजही गावाच्या परंपरेत जपले जाते. १५०० मध्ये डोंगराच्या पोटात खोदलेला अंतोनी बोगदा अजून शाबूत असून, युरोपातील टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या खाणप्रवेशांपैकी तो एक आहे.

आरंभीची वर्षे निराशेची होती. वरच्या शेल खडकातील पाऱ्याचे थेंब गोळा करण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नव्हते. २२ जून १५०८ रोजी, संत अकाशियस याच्या स्मरणदिनी, हिंगुळाचा समृद्ध साठा सापडला व खाणीचे भवितव्य बदलले. हा दिवस पुढे शतकानुशतके गावाचा सण म्हणून पाळला गेला. त्याच सुमारास व्हेनिस व हॅब्सबर्ग यांच्यात युद्ध पेटले. १५०९ मध्ये काही काळ व्हेनिसने इद्रिया ताब्यात घेतले, पण अखेर ते हॅब्सबर्गांकडेच राहिले.

प्रथम खाण खाजगी भागीदारांच्या मंडळींकडे होती. त्यांनी १५२२ ते १५३३ या काळात गेवर्केनेग हा किल्ला बांधला. तो राहण्याचा वाडा नसून खाणीची कचेरी व पाऱ्याचे कोठार होता. १५७५ मध्ये आर्चड्यूक कार्ल याने खाण राज्याच्या ताब्यात घेतली आणि त्यानंतर खाणीचा नफा राजकोषात जाऊ लागला.

चांदीशी असलेला संबंध

इद्रियाच्या भरभराटीचे मूळ अटलांटिकपलीकडे होते. बार्तोलोमे दे मेदिना याने १५५०च्या दशकात मेक्सिकोतील पाचुका येथे पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या प्रतीच्या धातुकातून चांदी काढण्याची पद्धत रूढ केली. चांदीचे दळलेले धातुक, मीठ व पारा एकत्र कालवले असता चांदी व पारा यांचा पारदमेल तयार होतो. तो तापवला की पारा उडून जातो व चांदी मागे उरते. यामुळे पाऱ्याच्या पुरवठ्यावर स्पॅनिश अमेरिकेतील चांदीचे उत्पादन अवलंबून राहिले.

स्पेनला अल्मादेनचा पारा अपुरा पडे तेव्हा इद्रियाकडे वळावे लागे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी खरेदी झाली. १७५५ मध्ये अल्मादेनच्या खाणीत दीर्घकाळ टिकलेली आग लागली आणि पुढे १७८५ मध्ये स्पेन व ऑस्ट्रिया यांच्यात मोठ्या प्रमाणावर पारा पुरवण्याचा करार झाला. कमावलेल्या कातड्याच्या पिशव्यांत भरलेला पारा डोंगरवाटांनी बंदरांकडे रवाना होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस इद्रिया हे कार्निओला प्रांतातील लुब्लियानाखालोखाल मोठे गाव झाले होते.

एकोणिसावे व विसावे शतक

नेपोलियनच्या युद्धांत इद्रिया अनेकदा फ्रेंचांच्या हाती गेले. १८०९ ते १८१३ या काळात ते फ्रान्सच्या इलिरियन प्रांतांचा भाग होते. त्यानंतर पुन्हा ऑस्ट्रियाचा अंमल आला. भूवैज्ञानिक मार्को व्हिन्सेंट्स लिपोल्ड १८६७ मध्ये खाणीचा संचालक झाला. त्याच्या काळात साठ्याच्या संरचनेचा शास्त्रीय अभ्यास पुढे गेला. पहिल्या महायुद्धापूर्वी खाणीचे वार्षिक उत्पादन ८०० टनांच्या आसपास पोचले होते.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश इटलीकडे गेला आणि १९२० च्या रापालो तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. स्लोव्हेन भाषेच्या वापरावर निर्बंध आले. १९०१ मध्ये स्थापन झालेले व स्लोव्हेन माध्यमातून शिक्षण देणारे पहिले माध्यमिक विद्यालय याच काळात बंद पडले. अनेक खाणकामगार कुटुंबे सीमा ओलांडून युगोस्लाव्हियात गेली. १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर गाव जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. १९४७ च्या पॅरिस तहानंतर ते युगोस्लाव्हियात आणि १९९१ मध्ये स्वतंत्र स्लोव्हेनियात समाविष्ट झाले. एकाच शतकात इद्रियाच्या खाणकामगारांनी अशी वेगवेगळी राज्ये पाहिली. पाऱ्याचे उत्पादन मात्र प्रत्येक राजवटीत चालू राहिले.

तंत्रज्ञान

उपसा व जलशक्ती

खाण १५ पातळ्यांवर पसरलेली असून तिची खोली सुमारे ३८० मी. आहे. पाच शतकांत खोदलेल्या बोगद्यांची एकूण लांबी ७०० किमी.हून अधिक भरते. इतक्या खोलीवर पाणी सतत झिरपत असल्याने उपसा थांबला की खाण बुडणार, हे उघड होते. १७९० मध्ये यासाठी १३.६ मी. व्यासाचे लाकडी जलचक्र बसवण्यात आले. ‘काम्श्त’ या नावाने ओळखले जाणारे हे चक्र १९४८ पर्यंत चालले. युरोपात जतन केलेल्या या प्रकारच्या लाकडी चक्रांत ते सर्वांत मोठे मानले जाते. त्याला पाणी पुरवण्यासाठी नदीकाठाने सुमारे साडेतीन किमी. लांबीचा पाट काढलेला आहे.

लाकूड व बंधारे

बोगद्यांना आधार देण्यासाठी आणि भट्ट्या पेटवण्यासाठी प्रचंड लाकूड लागे. ते वरच्या जंगलांतून आणण्यासाठी नदीवर बंधारे बांधून पाणी साठवत. ओंडके नदीपात्रात रचून बंधाऱ्याचे दरवाजे एकदम उघडले की पाण्याच्या लोंढ्याबरोबर सर्व लाकूड गावापर्यंत वाहत येई व तेथे ते अडवले जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योझेफ म्राक याच्या देखरेखीखाली जुन्या लाकडी बंधाऱ्यांच्या जागी दगडी बंधारे उभे राहिले. त्यांच्या भव्यतेमुळे त्यांना ‘स्लोव्हेनियाचे पिरॅमिड’ असेही म्हणतात.

धातुक भाजणे

आरंभी धातुक उघड्यावर लाकडाच्या ढिगात भाजत असत. त्यानंतर मातीच्या भांड्यांचा वापर सुरू झाला. धातुकाने भरलेले भांडे दुसऱ्या भांड्यावर उपडे ठेवून वरून जाळ करत. पाऱ्याचे बाष्प खालच्या भांड्यात उतरून थंड होई. लाकूड हाताशी असावे म्हणून हे काम गावाभोवतीच्या जंगलात चाले. त्या जागी खापरांचे थर आजही सापडतात व तेथील माती पाऱ्याने अत्यंत दूषित आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून लोखंडी बकपात्रे आली आणि अठराव्या शतकाच्या मध्यास अल्मादेनच्या धर्तीवर मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सतत चालणाऱ्या कूपभट्ट्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिरत्या नळकांडी भट्ट्या वापरात आल्या. तंत्र सुधारत गेले तसे अधिकाधिक हलक्या प्रतीचे धातुक वापरणे परवडू लागले. पूर्ण कालावधीचा विचार केला तर धातुकातील पाऱ्याचे सरासरी प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येते.

कामगारांचे आरोग्य

पाऱ्याच्या बाष्पाने होणाऱ्या दीर्घकालीन विषबाधेत तोंडाला सतत लाळ सुटणे, हिरड्या सुजणे, दात पडणे, झोप न लागणे, हातपाय थरथरणे आणि स्वभाव चिडका, भित्रा वा उदास होणे ही लक्षणे दिसतात. कंप वाढल्यावर माणसाला पेला तोंडाशी नेणेही कठीण होते. भट्टीवर काम करणारे आणि धातुरूप पारा असलेल्या भागात खणणारे कामगार यांना सर्वाधिक धोका असे.

सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने खाणकामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर १५६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात पाऱ्यामुळे होणाऱ्या व्याधींचे विवेचन आहे. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात वॉल्टर पोप याचे या प्रदेशातील पारा खाणींविषयीचे पत्र छापले गेले. सहा महिन्यांहून अधिक काळ काम न केलेल्या एका कामगाराच्या शरीरात इतका पारा मुरला होता की, त्याने पितळेचा तुकडा तोंडात धरला किंवा बोटांनी चोळला तरी तो चांदीसारखा पांढरा होई, असे वर्णन त्यात आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १६६५ मध्ये, इद्रियात पारा खाणकामगारांचा कामाचा दिवस सहा तासांवर आणण्यात आला. धोकादायक पदार्थाच्या संपर्काचा काळ कमी करून कामगाराचे रक्षण करण्याचा हा इतिहासातील सर्वांत जुन्या नियमांपैकी एक म्हणून व्यावसायिक आरोग्यशास्त्राच्या ग्रंथांत उल्लेखिला जातो. अर्थात, कुशल कामगार लवकर निकामी झाल्यास खाणीचेही नुकसान होते, हा हिशेबही अशा नियमामागे होता असे म्हणता येते.

१७५४ मध्ये जोव्हान्नी अंतोनियो स्कोपोली खाणीचा पहिला वैद्य म्हणून रुजू झाला व १७६९ पर्यंत तेथे राहिला. १७६१ मध्ये त्याने इद्रियाच्या पाऱ्यावर लॅटिन भाषेत तीन निबंधांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिला निबंध धातुकावर, दुसरा तेथील व्हिट्रिऑलवर आणि तिसरा खाणकामगारांच्या रोगांवर आहे. रोग्यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेला तिसरा निबंध पाराविषबाधेच्या अभ्यासातील महत्त्वाचा टप्पा समजला जातो. स्कोपोलीने याच काळात कार्निओला प्रांतातील वनस्पती व कीटक यांवर मोठे ग्रंथ लिहिले आणि लिनीअसशी पत्रव्यवहार केला. त्याच्या नावावरून स्कोपोलिया ही वनस्पती व तिच्यावरून स्कोपोलामीन हे औषध ओळखले जाते. १७६६ मध्ये बाल्ताझार हाके हा शल्यचिकित्सक म्हणून इद्रियात आला. त्याने पुढे या प्रदेशाच्या भूविज्ञानावर बहुखंडी ग्रंथ लिहिला.

१८०३ मध्ये खाणीत मोठी आग लागली. आधारासाठी बसवलेली लाकडे पेटली आणि उष्णतेमुळे धातुकातील पारा बाष्परूपाने पसरला. आग विझवण्यासाठी नदीचे पाणी खाणीत सोडावे लागले. या दुर्घटनेत परिसरातील शेकडो लोकांना विषबाधा झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायुवीजन, मुखवटे, कामगारांच्या मूत्रातील पाऱ्याची नियमित तपासणी आणि प्रमाण वाढलेल्या कामगारांना अन्य कामावर पाठवणे असे उपाय रूढ झाले. त्यामुळे तीव्र विषबाधेचे प्रमाण घटले.

सामाजिक जीवन

खाणीत पुरुषांना मिळणारी मजुरी तुटपुंजी होती आणि आजारपणामुळे ती केव्हाही थांबण्याची शक्यता असे. त्यामुळे स्त्रियांनी लाकडी फिरक्यांवर विणल्या जाणाऱ्या लेसच्या कामातून घरखर्चाला हातभार लावला. १८७६ मध्ये गावात लेस विणकामाची शाळा सुरू झाली व ती आजही चालू आहे. २०१८ मध्ये स्लोव्हेनियातील या विणकामाचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. उकडलेल्या बटाट्याचे सारण भरलेले ‘झ्लिक्रोफी’ हे येथील खास पक्वान्नही प्रसिद्ध आहे.

खाणीत पेर्कमांदेल्त्स नावाचा बुटका भूत राहतो, तो खडकावर टकटक करून कामगारांना धातुकाची वा धोक्याची सूचना देतो, अशी लोकसमजूत आहे. अंतोनी बोगद्यात अठराव्या शतकातील भूमिगत प्रार्थनास्थळ असून खाणीत उतरण्यापूर्वी कामगार तेथे थांबत.

खाण बंद होणे

जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या रोगामुळे पाऱ्याच्या घातकतेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९७०च्या दशकात मागणी व किंमत दोन्ही कोसळल्या आणि १९७७ मध्ये इद्रियातील उत्पादन थांबवण्यात आले. १९८३ मध्ये ते मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाले; परंतु त्याच दशकाच्या उत्तरार्धात खाण टप्प्याटप्प्याने कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. १९९५ मध्ये येथील पाऱ्याचे उत्पादन संपले.

खाण बंद करणे म्हणजे केवळ दरवाजाला कुलूप लावणे नव्हते. गाव पोकळ झालेल्या जमिनीवर उभे असल्याने बोगदे तसेच सोडले असते तर जमीन खचून घरांना धोका निर्माण झाला असता. म्हणून वरच्या पातळ्यांतील पोकळ्या हलक्या प्रतीच्या काँक्रीटने भरण्यात आल्या, तर खालच्या पातळ्यांत पाणी चढू दिले गेले. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेत ठेवण्यासाठी उपसा, तसेच जमिनीच्या हालचालींचे मोजमाप ही कामे उत्पादन थांबल्यानंतरही करावी लागली.

पर्यावरणावरील परिणाम

काढलेल्या धातुकात १.४५ लाख टनांहून अधिक पारा होता, असा अंदाज आहे. त्यांपैकी १,०७,००० टन विक्रीयोग्य रूपात हाती आला. याचा अर्थ पाव हिश्श्याहून अधिक पारा धुरातून, भाजलेल्या धातुकाच्या अवशेषांतून व सांडून आसमंतात गेला. अवशेष बराच काळ इद्रियत्सा नदीत टाकले जात असत. पूर आला की ते पुढे वाहून जात. त्यामुळे इद्रियत्सा व सोचा यांच्या काठच्या पूरमैदानांत आणि त्रिएस्ते आखाताच्या तळाशी पारायुक्त गाळ साचला आहे.

हिंगूळ पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने या गाळातील पाऱ्याचा मोठा भाग निष्क्रिय राहतो. मात्र ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात काही सूक्ष्मजीव पाऱ्याच्या संयुगांचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे अत्यंत विषारी संयुग लहान जीवांकडून मोठ्या माशांकडे जाताना अधिकाधिक साठत जाते. म्हणूनच खाण बंद झाल्यानंतरही आखातातील गाळ व मासे यांचा अभ्यास स्लोव्हेनिया व इटलीतील संशोधक करत आले आहेत.

वारसा

अंतोनी बोगदा १९९४ पासून पर्यटकांसाठी खुला आहे. गेवर्केनेग किल्ल्यात नगर संग्रहालय असून १९९७ मध्ये त्यास युरोपातील उत्कृष्ट औद्योगिक संग्रहालयासाठीचा लुइजी मिकेलेत्ती पुरस्कार मिळाला. काम्श्त जलचक्र, दगडी बंधारे, फ्रान्सिस कूपक व भट्ट्यांचा परिसर जतन करण्यात आला आहे. इद्रिया परिसराला युनेस्को जागतिक भूउद्यानाचा दर्जाही आहे.

जागतिक वारसा यादीसाठी आरंभी अल्मादेन व इद्रिया यांच्यासह मेक्सिकोतील सान लुइस पोतोसी या चांदीच्या नगराचाही एकत्रित प्रस्ताव होता. अखेर २०१२ मध्ये दोन पारा खाणींपुरता प्रस्ताव मान्य झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट २०१७ रोजी, पाऱ्याचा वापर व व्यापार यांवर नियंत्रण आणणारा मिनामाता करार अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. नवीन पारा खाणी सुरू करण्यास या कराराने बंदी असून, जुन्या खाणी ठरावीक मुदतीत बंद करण्याचे बंधन आहे.